माणिकराव मास्तरांचं कापड

माणिकराव मास्तर चित्र काढायला बसायचे ते चित्राकडे पाठ करून. समोर उघडं दार, दारापलीकडे जिनिंगच्या आवारातले कापसाचे ढीग, आणि पाठीमागे बांबूच्या चौकटीवर ताणलेलं कोरं मांजरपाट. रोज शाळेआधी ते असे बसत. हातात चहाचा पेला, तोंडातून शब्द नाही. मी पहिल्यांदा त्यांच्या त्या कामाच्या जागी, जिनिंगच्या वखारीत गेलो तेव्हा मला वाटलं, यांचं कुणाशी तरी वाजलंय. "भांडण न्हाई गुर्जी," ते म्हणाले, "कोरं कापड लई आगाऊ असतं. त्याच्याकडं बघत बसलं की तेच आपल्याला सांगायला लागतं, हे काढ, ते काढ. म्हणून पहिलं त्याला मागं बसवून राह्यलो."

परतूरच्या शाळेत ते चित्रकला शिकवत आणि मी गणित. काळ निजामाच्या राज्यातला. मास्तर मूळचे वाटूरच्या शेतकरी घरातले, हैदराबादेत चित्रकला शिकून आलेले. आज आमच्या गावात त्यांना 'थोर कलावंत' म्हणणारी माणसं आहेत. हार घालून भाषणं करतात. ती भाषणं ऐकली की माझं डोकं उठतं. त्यांच्यातल्या एकानेही मास्तरांचं एक चित्र धड पाहिलेलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

त्यांच्या चित्रात झाड नसे, माणूस नसे, देवही नसे. काळ्याचा एक मोठा पट्टा, त्याला खालून खेटलेला गेरूचा, आणि मध्येच कुठे चुन्याचा ओरखडा. सुरुवातीला मलाही त्यात काही कळलं नाही. पण बराच वेळ समोर उभं राहिलं की छातीवर ओझं आल्यासारखं व्हायचं, आणि त्या पांढऱ्या ओरखड्यापाशी श्वास मोकळा व्हायचा. हे असं का होतं ते मला अजून सांगता येत नाही.

हे कुठून शिकलात, असं मी एकदा विचारलं. हैदराबादचं, फार तर मुंबईचं एखादं नाव येईल असं वाटलं होतं. "माझी माय भिंत सारवायची," मास्तर म्हणाले. "हाताचा पंजा कसा फिरतो, अर्धा गोल, मंग त्याच्यावर दुसरा. वाळल्यावर मी बघत बसायचो. तिनं त्यात कधी मोर काढला न्हाई, कमळ काढलं न्हाई. तरी बिलकुल बराबर होतं ते. हैदराबादला गेल्तो ते हात बसवायला. डोळे घरूनच नेल्ते."

शाळा सुटली की ते वखारीत जात, हातपाय धूत आणि रंग घोटायला बसत. गेरू, नीळ, काजळ, पिवळी माती, चुना; बांधायला बाभळीचा डिंक. तेलाचे रंग त्यांना आवडत नसत. "त्याची चमक बघणाराला भुलवती," म्हणायचे. कुंचले शिंदीच्या काडीची टोकं ठेचून केलेले. उजेड उतरला की काम बंद. मग अर्धंमुर्धं चित्र असलं तरी कंदील लावायचा नाही. "कंदिलाचा उजेड खोटं बोलतो, गुर्जी. त्याच्यात सगळंच चांगलं दिसतं."

एकदा शाळेच्या तपासणीला तहसीलदारसाहेब आले. हेडमास्तरांनी आधीच बजावलं होतं, आंबा लावा, पोपट लावा. मास्तरांनी मुलांचे आंबे-पोपट लावलेच, पण शेवटी आपलंही एक चित्र टांगलं. साहेब त्याच्यासमोर थांबले. मान वाकडी करून म्हणाले, "ये क्या है मास्टर? किसी के खेत का नक्शा है क्या?" मास्तर शांतपणे म्हणाले, "नक्शाइच है साब. लेकिन इसकी नापजोख किसी पटवारी से नहीं होती." साहेब हसून पुढे गेले. हेडमास्तर मात्र काळेनिळे झाले आणि त्यानंतर शाळेच्या भिंतीवर मास्तरांचं चित्र कधी लागलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कापड मिळेनासं झालं. दुकानापुढे रांगा लागायच्या. गावात कुजबुज सुरू झाली की लोकांना नेसायला नाही आणि हा माणूस कापड रंगवून गुंडाळून ठेवतो. बोलणाऱ्यांनी एकदा वहिनींकडे पाहायला हवं होतं. मास्तरांच्या बायकोच्या अंगावर ठिगळाचं लुगडं असे, आणि घराच्या कोपऱ्यात त्या गुंडाळ्या. प्रत्येक चित्राचे काठ वहिनींनीच दुमडून शिवलेले, बारीक उलट्या टाक्यानं. शेजारच्या बाईनं एकदा सुचवलं की यातलं एखादं धुऊन घ्या, पोरीचं परकर-पोलकं होईल. वहिनींनी तिला दारातूनच वाटेला लावलं.

मग रझाकारांचे दिवस आले. माणसं रातोरात निजामाच्या हद्दीबाहेर, बऱ्हाडात निघून जाऊ लागली. मी माझी बायकोपोरं घेऊन गेलो, मास्तरही निघाले. निघताना त्यांनी सगळ्या गुंडाळ्या गावातल्या एका वकिलांकडे ठेवल्या. वकिलांचं घर मजबूत, माणूस शिकलेला, आमच्यातला. "कापसाला आग लागंल, घराला आग लागंल," मास्तर म्हणाले, "पर वकीलसाहेबांकडं जल्दी कुणी हात घालणार न्हाई." ते वखारीचं दार ओढून निघाले तेव्हा त्यांना घराची काळजी नव्हती, शेताचीही नव्हती. होती ती त्या गुंडाळ्यांची.

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आम्ही परतलो. योगायोगाने मास्तर आणि मी एकाच गाडीने परतूरला उतरलो. गाव सजलं होतं. कुणी मोठे पुढारी येणार होते आणि स्टेशनच्या रस्त्यावर मोठी कमान उभी होती, तिला भगव्या, पांढऱ्या, हिरव्या कापडांच्या पट्ट्या. आम्ही सगळेच आनंदात होतो. वहिनी तेवढ्या कमानीखाली थांबल्या. हात वर करून त्यांनी लोंबणारं एक टोक बोटांत धरलं, उलटं करून पाहिलं.

"अहो," त्या मास्तरांना म्हणाल्या, "हा टाका माझा हाय."

मी तडक वकिलांकडे गेलो. ते पाटावर बसून सत्काराची यादी सांगत होते. माझ्या प्रश्नाचं त्यांना नवल वाटलं. "अहो, कापड कुठे मिळतंय? घरात हे पडलं होतं. सगळं रंगानं बरबटलेलं. दोन माणसं लावून उकळून घेतलं, तेव्हा कुठे स्वच्छ निघालं, मग कमानीसाठी रंगवलं. देशाच्या कामी आलं, यात मास्तरांना अभिमान वाटायला हवा." या माणसाला शरम नव्हती असं मी म्हणत नाही. आपण काही केलं आहे, हेच त्याला ठाऊक नव्हतं, आणि माझा संताप त्यावरच आहे. चोर निदान घेतो ती वस्तू ओळखून घेतो.

दुसऱ्या दिवशी वकील स्वतः मास्तरांच्या घरी आले. काखेत मांजरपाटाचा नवा कोरा तागा. "घ्या मास्तर, फिटंफाट झाली. तुमच्यापेक्षा चांगलंच कापड आहे." मास्तर भिंतीला टेकून बसले होते. वहिनी आतून आल्या. त्यांच्या अंगावर तेच ठिगळाचं लुगडं होतं. त्यांनी तागा उचलला आणि वकिलांच्या मांडीवर परत ठेवला.

"आमचं गेलं ते कापड नव्हतं, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "हे घेऊन जा."

मास्तरांनी नोकरी सोडली आणि वाटूरला शेतावर राहायला गेले. कुंचला पुन्हा हातात धरला नाही. मी भेटायला जायचो, पण या विषयावर ते बोलत नसत. शेवटच्या आजारात एकदाच, मी वकिलांच्या नावानं बोटं मोडत होतो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "धुतल्याचं न्हाई वाटत गुर्जी. मातीचे रंग, आज ना उद्या जाणारच होते. पर धुयाच्या आधी येकानं तरी उलगडून बघाया पायजे होतं."

त्यांना पोचवून आलो आणि त्याच पावली वकिलांच्या दारात उभा राहिलो. विचारलं, "मास्तरांच्या त्या कापडांवर काय होतं, आठवतं तुम्हाला?"

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, खरोखर आठवून पाहिलं.

"रंग होता," ते म्हणाले.