पाचवं सर्किट

कुठलाही कीबोर्ड समोर आला की ते आधी डोळे मिटायचे आणि एकच पट्टी आठ वेळा दाबायचे. ओंदु, एरडु, मूरु... मोजणी कन्नडमध्ये, शिव्या मात्र मराठीत. मूळचे निपाणीचे. बेंगळुरूच्या चिकपेटमधल्या एका बोळात, कापडाच्या गर्दीत अंग चोरून बसलेलं त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीतच बिऱ्हाड.

असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. वस्तू दाखवायला जावं आणि आपलीच तपासणी व्हावी. मी मारतहळ्ळीहून माझा जुना सॅम्पलर घेऊन गेलो होतो. सॅम्पलर म्हणजे बाहेरचा कुठलाही आवाज टिपून तो पट्ट्यांवर वाजवणारा कीबोर्ड. त्यातला एखादा सूर मधूनच दबका यायचा. नेटवर वाचलेलं सगळं ज्ञान मी त्यांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "पुण्याचे काय?"

मग आठ वेळा पट्टी दाबली. "आत आठ सर्किटं हायत. दर वेळी पाळी बदलते. तुमचा पाचवा गडी आजारी हाय. स्वल्प थांबा, बरा करतो."

हे स्वल्प चार महिने चाललं. फोन केला की, "चिप मिळंना बघा." शेवटी माझं डोकं फिरलं आणि एका दुपारी मी न सांगता जाऊन थडकलो.

ते पाठमोरे बसले होते. त्यांनी पट्टी दाबली आणि माझ्या सॅम्पलरमधून एका बाईचा आवाज आला, "ओ, येताय नव्हं?" दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. आवाज स्वच्छ होता, पण यंत्रातला. पाचव्यांदा मात्र तो मागच्या खोलीतून आला. खोटं नाही सांगत, मी वळून त्या दाराकडे बघितलं. तेही तिकडेच बघत होते. आत कुणी नव्हतं.

माणसाचा कान माणसाच्या आवाजातली खोट चटकन धरतो, म्हणून तपासणीसाठी त्यांनी फार पूर्वी बायकोचा आवाज एका फ्लॉपीत भरून ठेवला होता. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. ती फ्लॉपी वाचणारं दुसरं यंत्र त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

"फिल्टरची चिप गेलीय," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी सापडली. नवीबी हाय ड्रॉवरात. पण सात गडी नुसतं वाजवत्यात. ह्यो एकटाच तिला भिंतीआडनं बोलवतो. काय करू, सांगा की."

मला भडभडून आलं. "राहू दे तुमच्याकडेच. मला घाई नाही," मी म्हणालो.

ते एकदम ताठ झाले. "दुसऱ्याची वस्तू हाय. मला लाज आणू नका." माझ्यादेखत त्यांनी चिप बदलली. जुनी माझ्या हातात ठेवली. "माझ्याजवळ नको."

आता आठही सूर खणखणीत वाजत होते आणि ते मला ऐकवेनात. तीन आठवडे कसेबसे काढले. मग सॅम्पलर आणि जुनी चिप घेऊन रिक्षा केली. चांगली चालणारी वस्तू बिघडवून घ्यायला निघालेला बेंगळुरूतलं मी पहिलंच गिऱ्हाईक असेन.

शटर खाली होतं. शेजारच्या गाळ्यात नव्यानेच आलेली शिवणकामवाली बाई मशीन थांबवून म्हणाली, "दुकानातले अण्णा गेले ना. परवा पहाटे, झोपेतच."

तिने विचारलं, "त्यांच्या मंडळी कुठं गेल्या हो? भेटायला गेले तर खोलीत कुणीच नाही."

"त्या तर नऊ वर्षांपूर्वीच वारल्या."

"काहीतरीच काय! माझी मशीन त्यांच्या भिंतीलाच लागून आहे. रोज दुपारी हाक यायची, येताय नव्हं म्हणून. ते गेले त्याच्या आदल्या दिवशीपण ऐकली मी."

सॅम्पलर तीन आठवडे माझ्या घरी होता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि पाठोपाठ, का कोण जाणे, जीव हलका झाला. मी रिक्षावाल्याला परत फिरायला सांगितलं.