पत्र्यावरचा पांढरा थर

माझं बीकर खिडकीच्या उजेडात धरून ते रोज म्हणायचे, "हे पाणी नव्हे, मॅडम." मला तो माणूस आवडत नसे. त्यांनाही मी आवडत नसे.

गिरणी संपाआधी ते परळच्या एका गिरणीत बॉयलरवर होते. संपात नोकरी गेली आणि काही वर्षांनी दादरच्या आमच्या प्रयोगशाळेत ते रोजंदारीवर काचसामान धुवायला लागले. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. हातात ब्रश, पण नजर साहेबाची.

माझा प्रयोग पाण्यातलं फ्लोराइड काढण्याचा होता. ॲल्युमिनियमचे दोन पत्रे पाण्यात सोडून वीज द्यायची. पत्रा झिजतो, त्याचा गाळ होतो आणि फ्लोराइड त्याला चिकटून खाली बसतं. मी डिस्टिल्ड पाण्यात मोजून फ्लोराइड आणि थोडं मीठ घालायची. आकडे सुंदर येत.

"गावच्या विहिरीत असलं पाणी असतं होय?" ते विचारायचे. "आमच्या बॉयलरच्या नळ्यांत पाण्यातल्या क्षारांचा दगड चढायचा. तुमचे पत्रे काय देवाने घडवलेत?"

तुम्ही तुमच्या बाटल्या धुवा, असं मी एकदा इंग्रजीत म्हटलं. मराठीत धीर झाला नसता.

"कळलं," ते म्हणाले. "अपमान कुठल्याही भाषेत कळतो."

एका सकाळी मी आले तेव्हा ते माझ्या चालू प्रयोगात त्यांच्या चाळीतल्या विहिरीचं पाणी ओतत होते. मी तशीच प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, सरांकडे गेले. सरांनी बोलावल्यावर ते एवढंच म्हणाले, "संध्याकाळी पत्रा बघा." सरांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

रागाच्या भरात वीज बंद करायची राहिली होती. संध्याकाळी पत्रा मीच बाहेर काढला. त्यावर पांढरा, खरखरीत थर. करंट निम्म्यावर आला होता, फ्लोराइड जेमतेम उतरलं होतं. मी पत्रा ॲसिडने धुतला. वहीत काहीच लिहिलं नाही.

पुढे या प्रयोगावरून बनवलेलं आमचं यंत्र एका गावच्या शाळेत बसलं आणि महिन्याभरात बंद पडून परत आलं. पत्रे पांढरे.

"हे आधी कोणाला कळणार होतं?" सर म्हणाले. मी मान डोलावली.

त्या शनिवारी मी काचसामान धुणाऱ्या त्या माणसाचा पत्ता शोधत घोडपदेवला गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं.

"ते शिवडीला गेलेत, गोदामात. गोणी उचलतात आता, या वयात." मग मला वरपासून खालपर्यंत बघून तिने विचारलं, "लॅबातली ती पोरगी तूच काय गो?"

"नाही," मी म्हटलं. "मी चुकून या दारात आले."

आणि जिना उतरले.