मृणालिनीचा भांडणाचा तास

अबुधाबीतल्या अल ऐनला आल्यावर पहिलं वर्षभर मृणालिनी दोन लायसनांची वाट बघत होती. एक गाडीचं, दुसरं तिच्या कामाचं. पुण्यात ती स्पीच थेरपिस्ट होती. तोतरी, उशिरा बोलायला लागलेली, 'र'चा 'ल' करणारी मुलं तिच्याकडे यायची आणि काही महिन्यांत घडाघडा बोलायला लागायची. इथे ती नवऱ्याच्या नोकरीपायी आली आणि घरात बसली. निखिल सकाळी युनिव्हर्सिटीत गेला की फ्लॅटमध्ये एसीच्या घरघरीशिवाय आवाज नाही. दुसऱ्यांना बोलतं करणारी बाई स्वतःच संध्याकाळपर्यंत गप्प असायची. गाडीच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा गोल चौकात. तिसऱ्यांदा पास झाली आणि त्याच सुमारास कामाचंही लायसन आलं. एका हॉस्पिटलने तिला प्रोबेशनवर घेतलं.

तिच्या विभागाची प्रमुख मरियम. अल ऐनचीच, उंच, चालताना बोलणारी. हिंदी सिनेमे बघून बघून तिला हिंदी चांगली यायची.

"मुलांसाठी माझ्याकडे माणसं आहेत," पहिल्याच दिवशी ती म्हणाली. "मला स्ट्रोकच्या पेशंटसाठी कोणीतरी हवंय. तुझी भाषा मराठी ना? मग यल्ला, चल."

 मोठ्या माणसांवर मृणालिनीने शिकत असताना सोडून कधी काम केलं नव्हतं. पण नाही म्हणायची सोय नव्हती.

पेशंट म्हणजे खैरुद्दीन. मूळचे दाभोळचे. तरुणपणी मामाच्या मागोमाग इंग्लंडला, ब्लॅकबर्नला गेले. तिथल्या कॉलेजात वेल्डिंग शिकवलं, तिथला पासपोर्ट घेतला, आणि पन्नाशीत अल ऐनच्या एका टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला आले. दोन हजार अठराच्या डिसेंबरात वर्गात शिकवता शिकवता कोसळले. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समोरच्याचं बोलणं कळायचं. स्वतः बोलायला गेले की तोंडातून फक्त "ते... ते..." निघायचं आणि पुढे काही नाही.

"वाचाघात म्हणतात याला," मृणालिनीने त्यांच्या बायकोला, मैमुनाबींना, समजावून सांगितलं. "चाची, शब्द पुसले गेलेले नाहीत. तिथवर जायचा रस्ता तुटलाय. आपण दुसरा शोधायचा."

"शोध बाय, शोध," मैमुनाबी म्हणाल्या. "या माणसाचा शब्द कधी तुटला नव्हता. मशिदीतून घरी यायला दहा मिनटांचा रस्ता, याला दोन तास लागायचे. वाटेत दिसेल त्याच्याशी बोलत."

मृणालिनीने चित्रांची कार्डं काढली. बकरी, खुर्ची, तांब्या, छत्री. मराठीतून विचारलं, इंग्रजीतून विचारलं. चाचा कार्डाकडे बघायचे, मग तिच्याकडे, आणि डाव्या हाताने कार्ड हळूच बाजूला सारायचे. उभा जन्म पोरांना शिकवण्यात गेलेला माणूस. त्याला आज कोणीतरी बकरीचं चित्र दाखवून "हे काय?" विचारतंय, ही लाज त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायची. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने कार्डं बॅगेत टाकली आणि गाडीत बसून स्वतः रडून घेतलं.

"इन्शुरन्सवाले विचारतायत," मरियम म्हणाली. "प्रगती दाखवली नाही तर महिनाअखेरीला बंद करतील. मी थांबवू शकणार नाही."

त्या दिवसांत खोलीतल्या टीव्हीवर एकच विषय होता. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार होतं आणि कसं पडायचं यावरून लंडनच्या पार्लमेंटमध्ये रणकंदन चाललं होतं. सरकारने युरोपशी वाटाघाटी करून करार आणला, तो सभागृहाने उडवला. बाहेर रस्त्यावर दोन्ही बाजूंचे लोक झेंडे घेऊन एकमेकांवर ओरडत होते. चाचांचे डोळे तिथून हलायचे नाहीत. सेशनच्या वेळी टीव्ही बंद ठेवायचा नियम होता. त्या दिवशी मृणालिनी रिमोट शोधत होती, तेवढ्यात पडद्यावर कोणी एक सभासद म्हणाला की, लोकांनी बाहेर पडायचं मत दिलं तेव्हा त्यांना काही कळलंच नव्हतं.

"खोटं!"

मृणालिनी गर्रकन वळली. मैमुनाबींच्या हातातली तसबीहची माळ थांबली.

"चाचा? काय म्हणालात?"

चाचाही चकित झाले होते. त्यांनी तोंड उघडलं, परत "ते... ते..." झालं. पण शब्द आला होता, खणखणीत, दाभोळच्या 'खो'वर जोर देऊन.

मृणालिनीला शिकलेलं आठवलं. नाव सांगायला सांगितलं की जो शब्द अडतो, तोच रागात, प्रार्थनेत, शिवीत आपसूक निघतो. तिने दुसऱ्या दिवशी मुद्दाम टीव्ही लावला. चाचा चिडले, पण शब्द आला नाही. टीव्हीतल्या माणसाला उत्तर देऊन उपयोग नसतो, हे त्यांनाही कळत होतं. भांडायला समोर माणूस लागतो.

"चाची, या विषयावर ते घरात कोणाशी बोलायचे का?"

मैमुनाबींनी पदर सारखा केला. 

"हम्मादशी," त्या म्हणाल्या. "मुलाशी. तो रॉटरडॅमला आहे, बंदरावर मोठ्या कामाला. ब्रिटनच्या पासपोर्टावरच तिथे गेला, घर घेतलं. आणि ह्यांनी पोस्टाने मत टाकलं, बाहेर पडायचं. दर शुक्रवारी बापलेकाचा फोन असायचा. निकाल लागला त्या शुक्रवारी हम्माद म्हणाला, अब्बा, माझ्या पायाखालची जमीन तुम्ही काढलीत. फोन ठेवला तो ठेवलाच. आता मला फोन करतो. ह्यांना नाय."

"त्याला यांच्याबद्दल सांगितलंत?"

"तब्येत जराशी बिघडली, एवढंच सांगितलं. पोरगं तिथे एकटं, उगाच घोर कशाला?"

"बोलावून घ्या त्याला," मृणालिनी म्हणाली.

डॉक्टरांची परवानगी काढावी लागली. ब्लडप्रेशर बघत राहायचं, नर्स खोलीत हवी, वाढलं की लगेच थांबायचं. मरियमने भुवया उंचावल्या, पण अडवलं नाही.

हम्माद आला तो विमानतळावरून थेट, बॅग घेऊनच. तिशीतला, दाढीवाला, बापाच्याच नाकाचा. खाटेवर वाळलेला बाप बघितला आणि त्याचा बांधच फुटला. लुळा हात हातात घेऊन म्हणाला, "अब्बा, आय अ‍ॅम सॉरी. तुम्ही करेक्ट होता. मीच रॉंग होतो. सगळं विसरून जा."

चाचांनी हात सोडवता येईना म्हणून मान फिरवली आणि भिंतीकडे बघत राहिले. मृणालिनी काहीही विचारो, वळलेच नाहीत.

तिने हम्मादला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं. एरवी ती डॉक्टरांशी बोलतानाही चाचरायची. त्या दिवशी काय झालं कोण जाणे.

"तुम्हाला खरंच वाटतं का, ते बरोबर होते?"

"ऑफ कोर्स नॉट," तो डोळे पुसत म्हणाला. "पण ही इज सो सिक..."

"मग खोटं बोलू नका त्यांच्याशी. ते आजारी आहेत, मूर्ख नाहीत. तुम्ही लहान मुलासारखं समजावलंत ना, तेच मी कार्डं दाखवून करत होते. ते तोंड फिरवणारच."

"मग मी काय करू?"

"जे अडीच वर्षं मनात ठेवलंय ते विचारा. आणि विचारलं की थांबा. मध्ये शब्द पुरवायचा नाही. कितीही वेळ लागला तरी."

दुसऱ्या दिवशी हम्माद खाटेसमोर खुर्ची ओढून बसला. नर्स चाचांच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधून उभी. मैमुनाबी कोपऱ्यात, मृणालिनीकडे अशा बघत होत्या की हिने काही बरंवाईट केलं तर हिला सोडणार नाही.

"अब्बा," हम्माद म्हणाला.  "काल मी खोटं बोललो. मला अजून राग आहे. तुम्ही बाहेर पडायचं म्हणून मत दिलंत. मी तिथे राहतो हे तुम्हाला माहीत होतं. मत देताना माझा विचार केलात का?"

चाचांची मान वळली. ओठ हलले. "ते... ते..." हम्मादने काही बोलायला तोंड उघडलं, मृणालिनीने हात वर करून त्याला थांबवलं.  चाचांच्या कपाळावरची शीर फुगली.

"के... केला."

"काय?"

"विचार. तुझा." मग मोठा खंड पडला. त्यांनी डोळे मिटले, उघडले. "भीती... वाटली. तरी... दिलं."

हम्मादचा चेहरा बघवेना. "हे मला का नाही सांगितलंत कधी?"

"तू," चाचा म्हणाले, "फोन... ठेवलास."

नर्सने मशीनकडे बघून मान डोलावली, ठीक आहे म्हणून. मैमुनाबी तोंडाला पदर लावून रडत होत्या, आणि मृणालिनी आलेला एकेक शब्द वहीत लिहून घेत होती.

हम्माद रजा वाढवून राहिला. रोज सकाळी बापलेक भांडायला बसायचे. मृणालिनीने त्यातून धडे तयार केले. आज 'का' विचारायचं. उद्या 'पण' म्हणायचं. परवा दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि मगच खोडायचं. शब्द मराठीत यायचे, इंग्रजीत यायचे, कधी एकाच वाक्यात दोन्ही. ती कुठलाच अडवत नव्हती. हळूहळू तुकड्यातुकड्यांनी चाचांचं म्हणणं बाहेर आलं. ब्लॅकबर्नमध्ये गिरण्या बंद पडल्या, त्यांनी शिकवलेल्या पोरांना काम मिळेना, आणि "वरून... कोणी... विचारलं नाही. एकदा... विचारलं. मी... उत्तर दिलं." हम्माद ऐकून घ्यायचा आणि मग म्हणायचा, ठीक आहे, पण ज्यांनी आता वाटाघाटींचा असा घोळ घातलाय ते तुमच्या पोरांना काम देणार आहेत का? चाचा मिनिटभर विचार करायचे. "ते... गाढव." यावर दोघांचं एकमत झालं, तेव्हा नर्ससुद्धा हसली.

एका सकाळी आवाज इतका चढला की मरियम दारात येऊन उभी राहिली. तिने बराच वेळ ऐकलं. मराठी तिला कळत नव्हती, पण पेशंट एकामागून एक वाक्यं जोडतोय हे कळायला भाषा लागत नव्हती.

"ही थेरपी आहे की भांडण?" तिने मृणालिनीला विचारलं.

"दोन्ही," मृणालिनी म्हणाली. "आणि मला आणखी तीन महिने हवेत."

मरियमने तिच्याकडे नीट बघितलं, जणू पहिल्यांदाच. "इन्शुरन्सशी मी बोलते," ती म्हणाली आणि निघून गेली. तीन महिने मिळाले. पुढे मृणालिनीचं प्रोबेशनही संपलं, कोणी पेढे वाटावेत असं काही न होता, एका ईमेलने.

तोवर हम्माद रॉटरडॅमला परत गेला होता आणि भांडण व्हिडिओ कॉलवर चालू होतं. चाचा घरी आले, काठी घेऊन चालायला लागले. मग मृणालिनीच्या मनात आलं, बाकीच्यांनी चित्रांकडेच का बघत बसायचं? तिने हॉस्पिटलमधली एक रिकामी खोली मागून घेतली आणि आठवड्यातून एकदा वाचाघाताच्या पेशंटना एकत्र बसवायला लागली. एक पॅलेस्टिनी शिक्षिका, एक मल्याळी बेकरीवाला, अल ऐनचाच फहद नावाचा निवृत्त पोलीस, आणि खैरुद्दीनचाचा. नियम एकच: समोरचा शब्द शोधत असेल तर थांबायचं. विषय कोणताही चालेल, पण मत खरं हवं. फहद फुटबॉलवर भांडायचा, बेकरीवाला मुलीच्या लग्नावर. चाचा सगळ्यांनाच उलट प्रश्न विचारायचे. शिक्षक माणूस, ते कसे गप्प बसतील? स्टाफमध्ये त्याला भांडणाचा तास म्हणायला लागले. निखिल म्हणायचा, आता तू घरी येऊनसुद्धा भांडतेस. ती म्हणायची, मग थांब की माझं होईपर्यंत.

दोन हजार वीसच्या जानेवारीच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, मैमुनाबींनी तिला आणि निखिलला जेवायला बोलावलं. त्याच दिवशी ब्रिटन संघातून अधिकृतपणे बाहेर पडत होतं. सांदणं होती, नारळाचा रस होता, निखिलसाठी तिसऱ्यांचं सुकं होतं. टीव्हीवर कोणी आनंदाने नाचत होतं, कोणी युरोपचा निळा झेंडा घेऊन रडत होतं. जेवण चालू असतानाच हम्मादचा कॉल आला. त्याला तिथे राहायची परवानगी मिळेल असं वकील म्हणत होता, पण कागद अजून हातात आला नव्हता.

"झालं तुमच्या मनासारखं, अब्बा," तो म्हणाला. त्यात कडवटपणा नव्हता असं नाही, पण तो हसतही होता.

चाचांनी घास खाली ठेवला. सगळे थांबले, सवयीने.

"मनासारखं... नाही," ते म्हणाले. "तुझा कागद... आला की... मग." थोडं थांबून त्यांनी बोट वर केलं. "आणि... व्यापाराच्या वाटाघाटी... अजून... सुरूच नाहीत. त्यावर... मला... बोलायचंय."

"या अल्ला," हम्माद कपाळावर हात मारून म्हणाला. मग त्याला काहीतरी सुचलं. "अम्मी, तुझंही मत होतं ना तेव्हा? तू कुठल्या बाजूला दिलंस? तू कधी सांगितलंच नाहीस."

मैमुनाबींनी मृणालिनीच्या ताटात आणखी एक सांदण वाढलं.

"तुम्हा दोघांचं भांडण मिटलं की सांगेन," त्या म्हणाल्या. "आणि मला तर काही घाई नाय."

चाचा हसले. मग फोन जवळ ओढून, एकेक शब्द शोधत, त्यांनी व्यापाराचा विषय काढला.