चार तोळे दोन मासे

माझी आत्या तेरला एकटी राहते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या लग्नात वडिलांनी तिच्या सोन्याच्या पाटल्या मागून घेतल्या आणि त्या मोडून वहिनीचे दागिने केले. तितक्याच वजनाच्या पाटल्या परत करू, असा शब्द दिला. पुढं वडील वारले आणि तो शब्द दादाकडं आला. पंचवीस वर्षांनी का होईना, त्यानं तो पाळायचं ठरवलं याचं मला कौतुकच वाटलं होतं.

त्या पाटल्या घडवल्या तेव्हाची सोनाराची चिठ्ठी आत्यानं पेटीत जपली होती. तिच्यावर ‘पाटल्या जोडी, चार तोळे दोन मासे’ असं लिहिलेलं. ती घेऊन आम्ही तिघं धाराशिवला एका सराफाकडं गेलो. त्यानं चिठ्ठी वाचली, चार पूर्णांक दोन असा आकडा मांडला, त्याला दहानं गुणलं आणि बेचाळीस ग्रॅमची जोडी समोर ठेवली.

आत्यानं ती तळहातावर घेतली. “हलकं लागतंय,” ती म्हणाली.

सराफ हसला. दादा हसला. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मीही पुढं सरसावले आणि तोळा म्हणजे दहा ग्रॅम, काटा खोटं बोलत नाही, असं लहान पोरीला सांगावं तसं तिला समजावलं. दादानं पैसे दिले आणि आत्यानं जोडी पिशवीत ठेवली.

तेरला घरी आल्यावर तिनं पेटीतून चांदीचे चार रुपये काढले, इंग्रजांच्या राजाचं तोंड असलेले.

“ह्ये कलदार. एक कलदार म्हंजे एक तोळा. आमचा सोनार तागडीत ह्येच टाकायचा. तुज्या शाळंतल्या काट्यावर टाकून बघ.”

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत टाकून बघितले. राजाचं नाक झिजून सपाट झालं होतं, तरी चार नाणी शेहेचाळीस ग्रॅमच्या वर भरली. मग मी नीट शोधलं. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्याही थोडा वर. आणि एका तोळ्याचे मासे बारा, दहा नव्हेत, त्यामुळं दोन मासे म्हणजे शून्य पूर्णांक दोन तोळे होतच नाहीत. सगळं मांडलं तर साडेअठ्ठेचाळीस ग्रॅमच्या वर गेलं. साडेसहा ग्रॅम कमी होते. उत्तरापुढं एकक लिहिलं नाही म्हणून मी पोरांचे गुण कापते, आणि त्या दुकानात मी काय केलं होतं?

शनिवारी एकटीच सराफाकडं गेले. तो बिलकुल गडबडला नाही.

“जुना तोळा अकरा ग्रॅम सहाशे चौसष्ट मिली, मॅडम. आम्हाला म्हायती हाय की. पण आता सगळे दहाचाच धरतात.”

मग त्या दिवशी का बोलला नाहीत, असं विचारलं. तर म्हणे, गिऱ्हाईक तुमचे भाऊ होते, त्यांनी विचारलं न्हाय. म्हणजे म्हातारी हलकं लागतंय म्हणत होती तेव्हा ती खरं बोलतेय हे ठाऊक असून हा माणूस हसला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दादाला फोन केला. त्याला खरंच माहीत नव्हतं, हे मला पटलं. पण पुढं तो म्हणाला, “सगळा बाजार दहावर चालतो. आत्याला त्यातलं काय कळतंय?”

“तिला एकटीलाच कळलं होतं,” मी म्हणाले.

आठवड्यानं त्यानं राहिलेल्या वजनाची अंगठी करून माझ्याकडं दिली. स्वतः गेला नाही. उलट नातेवाइकांत सांगत सुटला की आत्या ह्या वयात माशामाशाचा हिशेब करते.

अंगठी द्यायला मी तेरला गेले आणि आधी माझ्या वागण्याची माफी मागितली. आत्यानं अंगठी बाजूला ठेवली.

“सोनं कमी आलं असतं तरी चाललं असतं मला. चारचौघांत येडी ठरवलं, त्येचं काय?”

हेच मी दादाला जाऊन सांगितलं. एकदा तेरला जा, तिच्यासमोर बस आणि चूक झाली म्हण. त्याचं म्हणणं, वजन पुरं केलंय, आता काय राहिलं? तो अजून गेलेला नाही. आणि मलाही त्याच्याशी धड बोलता येत नाही.