वानखडे सरांचं पाकीट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी — जो शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा तिखटमीठ लावून सांगतो — तोच मी या एका गोष्टीपाशी मुका. बारा वर्षं झाली.

विद्यापीठाच्या कुंपणाला लागून आमची कॉलनी. दर सव्वीस जानेवारीला झेंडा, मग तर्री-पोहे, मग माझ्या नकला. त्या वर्षी मला एक झकास शेवट हवा होता — आणि तो पोस्टमननं आणून हातात दिला. शेजारचे वानखडे सर आईला घेऊन गावी, मारेगावला, गेलेले, फाटकाला कुलूप. म्हणून त्यांचं पाकीट माझ्याकडे. वर विद्यापीठाचा शिक्का. सर तिथं तासिकेवर शिकवायचे, कायम होण्याची वाट बघत. मला वाटलं, हीच ती ऑर्डर. फेटा बांधायचा, दवंडी द्यायची, भर मंडपात पाकीट सरांच्या हाती — काय रंगला असता तो प्रवेश.

सर दुसऱ्याच दिवशी परतले. रोज सकाळी फाटकाशी भेटायचे, आमचा चहा व्हायचा. पाकीट माझ्या कपाटात, फेट्याखाली. चार दिवस. कशासाठी? टाळ्यांसाठी — दुसरं काय?

सव्वीसला सकाळी तालीम म्हणून मी ते फोडलं. ऑर्डर नव्हती. मुलाखतीचं बोलावणं होतं — चोवीस तारखेचं.

आणि तासाभरात पोह्यांच्या रांगेत सर पुढ्यात उभे. "भाऊ, पोस्टमन तुमच्याकडे माह्यं काही देऊन गेलता काय? मुलाखती झाल्या म्हणते. मले तं पत्रच नाही."

खिशात नव्हतं, पण दहा पावलांवर घरात होतं. मी काय केलं? पोस्टमनची नक्कल केली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, सायकल लंगडी, टपाल बकरीला चारतोय. मंडप हसून लोळला. सरही हसले — आणि हसता हसता त्यांना उत्तर मिळालं. टपाल गहाळ. त्या पोस्टमनवर तक्रार झाली. तीही मी होऊ दिली.

त्यानंतर तशी जागा निघाली नाही. सरांचं वय उलटून गेलं. अजून तासिकेवरच आहेत, अजून त्याच फाटकातून पायी निघतात. पाकीट अजून फेट्याखाली आहे.

यंदा सव्वीसला पुढच्या खुर्चीवरून सरच म्हणाले, "भाऊ, तो पोस्टमन करा न."

मी केला. बकरीसकट.