दिनार कोणत्या देशाचा?

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. नोटांचं हे प्रकरण मात्र जसंच्या तसं लक्षात आहे.

सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात दिघोरीचा एक वेल्डर ठाण्यात आला. आखाती देशांत बरीच वर्षं राबून परतलेला माणूस. त्यानं टेबलावर अडीचशे दिनारची एक नोट ठेवली. गोसीखुर्दच्या पुनर्वसन गावठाणात राहणाऱ्या त्याच्या विधवा बहिणीनं धरणाच्या मोबदल्यातले उरलेले पैसे देऊन अशा नोटांची गड्डी घेतली होती. लेकीला नर्सिंगला घालायचं होतं.

“साहेब, बहीण म्हणते हे कुवैतचे दिनार. पण हे इराकचे हायेत. मी दोन्हीकडं काम केलं.”

कुवैतचा दिनार डॉलर, पौंड, युरो या सगळ्यांहून महाग. इराकच्या अडीचशेच्या नोटेत जेमतेम दोन चहा आले असते. नाव मात्र दोन्हींचं दिनारच.

बहिणीची फिर्याद घेतली. ती सारखी म्हणत होती, “नोटा इकणाऱ्यानं मोबाईलवर भाव दाखवला जी. मी सोताच्या डोयानं पाह्यला.”

विकणारा दोन दिवसांत पवनीच्या बाजारात सापडला. अजिबात घाबरला नाही. “मले काय ठाऊक, साहेब? मलेबी कुवैतचे म्हणूनच भेटले.”

अशा माणसावर ओरडून उपयोग नसतो. त्याला चहा दिला आणि पंचांसमक्ष मोबाईल जप्त केला. त्यात चलनांचे भाव दाखवणारं ॲप होतं. आधी काय पाहिलं, त्याची यादीही होती. आणखी काही जणांनाही त्यानं अशाच नोटा विकल्या होत्या. प्रत्येक विक्रीच्या आदल्या दिवशी इराकी दिनार, विक्रीच्या दिवशी कुवैती. मी एकेक तारीख वाचून दाखवली.

“नोटा कुवैतच्या समजत होतास, तर इराकचा भाव कायले पाहत होतास?”

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, “आपला फायदा किती, ते पाहाच लागते ना साहेब.”

पैसे निम्मेच हाती लागले. बाकीचे भावानं भरले आणि मुलगी नर्सिंगला गेली.

फसलेल्या माणसाला आम्ही पोलीस चटकन लोभी ठरवतो. त्या बाईवर मीही चिडलो होतो. पुढे कोर्टात आरोपीच्या वकिलानं तिला विचारलं, “दोन देशांच्या नोटांतला फरक तुम्हाला कळला नाही, यात याचा काय दोष?”

ती शांतपणे म्हणाली, “मले कळत नोहोतं, म्हणूनच त्याले इचारलं होतं.”

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, ‘एवढंही कळलं नाही का?’ असं मी एकाही फिर्यादीला विचारलं नाही.