सहा फुटी पाटी

पिकअप चालवणाऱ्या माणसांना एकमेकांची ख्यालीखुशाली विचारायच्या आधी गाडीचं विचारायची सवय असते. ‘किती देते?’ म्हणजे एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा हा गृहस्थ तो प्रश्न दिवसातून इतक्या वेळा विचारायचा, की त्याचं नावच ‘कितीभाऊ’ पडलं. विचारायचा सगळ्यांना, पण उत्तर त्याला एकाच माणसाचं हवं असायचं. तो माणूस म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, त्याचा साडू.

दोघांनी एकाच आठवड्यात, एकाच दुकानातून, एकाच बनावटीच्या गाड्या घेतल्या होत्या. रंगही एकच, पांढरा. सहा वर्षांनी साडूची गाडी लिटरला चौदा देत होती आणि कितीभाऊची कशीबशी अकरा. भरल्या गाडीनिशी टेकडीचा चढ साडू गुणगुणत चढायचा. कितीभाऊची गाडी मध्यावर धापा टाकायची, आणि मागचे लोक हॉर्न वाजवून तिचा उद्धार करायचे. सणसणीत तापाने माणूस तापावा तसा कितीभाऊ त्या चौदाच्या आकड्याने तापायचा. जेवताना तो आकडा त्याच्या ताटात येऊन बसायचा.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात टेकडीवरच्या खुर्च्यांच्या कारखान्याने निरोप धाडला. रोज फळ्या वर न्यायच्या, तयार खुर्च्या खाली आणायच्या. वर्षभराचं बांधील काम, आणि गाडी एकच हवी. साडू-साडू दोघांनीही हात वर केला. तिथला स्टोअरकीपर काटेकोर माणूस होता. तो म्हणाला, “महिनाअखेरच्या शनिवारी दोघांनी सारख्या वजनाच्या तीन-तीन फेऱ्या मारायच्या. टाक्या सकाळी गळ्यापर्यंत भरू, संध्याकाळी पुन्हा भरू. जिच्यात डिझेल कमी मावेल, तिला काम.”

कितीभाऊला फुटकळ भाड्यांवर दिवस काढायचा कंटाळा आला होता. हे काम त्याला हवंच होतं. पण त्याहून जास्त, ते साडूला मिळायला नको होतं.

“त्याने आत काहीतरी बसवलंय,” तो बायकोला म्हणाला.

“बसवलं असेल डोकं,” बायको म्हणाली. “तुम्हीही बसवून घ्या.”

तो तडक मिस्त्रीकडे गेला. जुन्या बाजारातले रुंद टायर आणि जाड नळीचा सायलेन्सर स्वस्तात मिळत होते, ते लावून घेतले. गाडी अशी गरजायला लागली की शेजारची तान्ही मुलं दचकून उठायची. कितीभाऊची छाती दोन दिवस फुगली. तिसऱ्या दिवशी हिशेब लागला, अकराची साडेनऊ झाली होती.

“मी बोललो होतो,” मिस्त्री म्हणाला. “रुंद टायर रस्त्याला जास्त चिकटतात. तुम्हाला ऐकू आलं नसेल, सायलेन्सर चालू होता.”

टायर आणि सायलेन्सर परत गेले. मग कितीभाऊने शेवटचा मार्ग धरला. रविवारी सकाळी तो साडूच्या घरी पोचला, अंगणात गाडीपाशी घुटमळला आणि “अरे, किल्ली पडली वाटतं,” म्हणत सरळ गाडीखाली शिरला.

पाठीवर झोपून त्याने इंजिनापासून मागच्या नळीपर्यंत इंच न् इंच डोळ्यांखालून घातला. नवं काहीच नव्हतं. गंजाचा ठिपकासुद्धा त्याच्या गाडीला होता तिथेच होता. काही नवं सापडलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. साध्यासुध्या, आपल्यासारख्याच गाडीने आपल्याला मागे टाकावं, हे पोटात जास्त दुखणारं होतं.

“दादा,” बाजूला दोन पाय येऊन उभे राहिले, “किल्ली तुमच्या बोटातच आहे.”

कितीभाऊ बाहेर आला. केसांत माती, हातात किल्ली. साडू हसला नाही, हेही त्याला खुपलं.

“ॲव्हरेजचं बघताय ना? मग विचारायचं की सरळ!” साडूने जॅक लावून पुढचं चाक उचललं आणि एका बोटाने ढकललं. चाक फिरतच राहिलं. “हे असं मोकळं फिरलं पाहिजे. रोज सकाळी, टायर गार असताना हवा बघतो. एअर फिल्टर साफ ठेवतो. मागे फालतू सामान ठेवत नाही. पाय हलका ठेवतो. बास. लपवायचंय काय त्यात?”

कितीभाऊचा तिळपापड झाला. दुष्ट असता तर चाललं असतं. हा मनुष्य वर चांगलाही होता!

घरी येऊन त्याने स्वतःच्या गाडीचं चाक उचललं. दोन्ही हातांनी रेटलं तेव्हा ते अर्धा वेढा करकरत गेलं आणि थांबलं. ब्रेकच्या पिना गंजून जाम झाल्या होत्या. ब्रेक सुटतच नव्हता. किती महिने तो ब्रेक दाबलेली गाडी चढावर ओढत होता, देव जाणे. फिल्टर काढला तर त्यातून ओंजळभर धूळ पडली. मागच्या हौद्यात वाळूच्या दोन गोण्या निघाल्या, मोडका जॅक, साखळदंड आणि कशाचा तरी जात्यासारखा जड लोखंडी पाया. मिस्त्रीने पिना साफ करून, ग्रीस लावून दिल्या. हवा बरोबर भरली. शनिवार चार दिवसांवर आला तेव्हा गाडी साडेतेरा देत होती.

साडेतेरा. चौदा नाही. कितीभाऊची झोप उडाली.

त्या दिवशी वारा सुटला होता. बायको अंगणात चादर वाळत घालत होती आणि चादर शिडासारखी फुगून तिलाच ओढत होती. ती वैतागून म्हणाली, “एवढ्याशा वाऱ्यात चादर धरताना माझे दंड भरून आले. आणि तुम्ही पत्र्याची चादर डोक्यावर घेऊन हिंडता!”

कितीभाऊने वळून पाहिलं. केबिनच्या टपावर पाटी उभी होती. लोखंडी पट्ट्यांवर ठोकलेला पत्रा, त्यावर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत लेकीचं नाव. रुंदी सहा फूट, कारण साडूने आपल्या लेकीच्या नावाची पाटी चार फुटी लावली होती. पाच वर्षं तो ती पाटी वाऱ्यावर रेटत होता.

पाटी काढताना त्याला दात उपटल्यासारखं झालं. पण काढली.

शनिवारी तीन फेऱ्या झाल्या. चढावर त्याला खाली दुसऱ्या गिअरवर यावंच लागलं नाही. संध्याकाळी स्टोअरकीपरने दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरल्या, चष्मा पुसला, आकडे दोनदा पाहिले. कितीभाऊच्या गाडीत पाव लिटर कमी मावलं होतं. काम त्याला मिळालं.

साडू पुढे आला, हात मिळवला. मग त्याची नजर कितीभाऊच्या गाडीवर गेली, बॉनेटवरून खाली, चाकांवर, पुन्हा वर. ती नजर कितीभाऊ चांगली ओळखत होता. सहा वर्षं तीच तर त्याने वापरली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्याला कामापेक्षाही ती गोड लागली.

“दादा, केलंत तरी काय?” साडू म्हणाला. “अरे, पाटी कुठे गेली?”

साडूची चार फुटी पाटी त्याच्या टपावर वाऱ्यात थरथरत होती. ‘तीही काढ’ एवढं एक वाक्य पुरे होतं. साडूने अंगणात जॅक लावून, बोटाने चाक फिरवून सगळं सांगितलं होतं.

“रंगवायला दिलीय,” कितीभाऊ म्हणाला.

घरी आला तेव्हा बायकोने ती पाटी धुण्याच्या दगडाशेजारी सावलीसाठी आडवी उभी केली होती.

“भावजींना सांगितलंत ना पाटीचं?” तिने विचारलं.

कितीभाऊने बादली उचलली, आणि हात-पाय धुताना तो पिवळ्या अक्षरांकडे पाठ करून बसला.